लाकडाचं पेट्रोल आणि हायड्रोजनचा हिशेब

1929 च्या जून महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या सां-जुलिआं-द-पेरोला या खेड्यात एक कारखाना सुरू झाला. तिथं दिवसाला 60 टन लिग्नाइट तापवलं जाई, त्याच्या वाफा एका खास प्रक्रिया केलेल्या मातीवरून नेल्या जात आणि शेवटी पेट्रोल हाती येई. लिग्नाइट म्हणजे जमिनीखाली दबून अर्धवट कोळसा झालेली जुनी झाडंच. फ्रान्सकडे तेलाच्या विहिरी नसल्यातच जमा होत्या, लिग्नाइट मात्र भरपूर होतं. पेट्रोलसाठी परक्यांच्या तोंडाकडे बघण्याची पाळी काय असते, हे पहिल्या महायुद्धात त्या देशानं अनुभवलं होतं. त्यामुळे या कारखान्याच्या उभारणीला सरकारनंही हातभार लावला.

कारखान्यामागचा माणूस होता युजीन हूड्री. शिक्षणानं यंत्र अभियंता, घरचा धंदा पोलादाचा, 1917 साली रणगाड्यांच्या लढाईत जखमी झालेला आणि मोटारींच्या शर्यतींचा षौकीन. लिग्नाइटच्या किंवा जड तेलाच्या वाफा सिलिका आणि ॲल्युमिना असलेल्या मातीवरून नेल्या, की त्यांचे मोठे रेणू तुटून पेट्रोलचे छोटे रेणू तयार होतात, हे त्यानं 1927 मध्ये ओळखलं. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, म्हणजे उत्प्रेरक, तो हाच. या मातीला एक खोड होती. थोड्याच वेळात तिच्यावर काजळीसारखा कार्बन चढायचा आणि ती निकामी व्हायची. या कार्बनला तेलाच्या धंद्यात कोक म्हणतात. हूड्रीनं त्यावर उपाय काढला. कोक हवेत जाळून टाकायचा, माती पुन्हा ताजी होते आणि त्या जळण्याची उष्णता पुढच्या कामाला येते.

कारखाना मात्र त्याच वर्षी बंद पडला. पेट्रोल निघत होतं, पण परवडत नव्हतं. वनस्पतीतून आलेल्या मालाला उष्णता आणि उत्प्रेरक लावून इंधन करण्याच्या इतिहासात हा प्रसंग अगदी सुरुवातीलाच येतो, आणि पुढे जे जे घडलं त्याची बरीचशी पात्रं त्यात हजर आहेत: तेलाची टंचाई, सरकारी पैसा, हुशार रसायन, काळा कोक आणि न जुळणारा जमाखर्च.

हूड्री 1930 मध्ये अमेरिकेला गेला. व्हॅक्यूम ऑइल कंपनीनं त्याला न्यू जर्सीतल्या पॉल्सबरोला बोलावलं होतं. लिग्नाइट मागे पडलं आणि त्याची माती खनिज तेलाच्या कामाला लागली. 1937 मध्ये सन ऑइल कंपनीच्या मार्कस हुक इथल्या शुद्धीकरण कारखान्यात त्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या विमानांना लागणारं उंची पेट्रोल या पद्धतीनं पुरवलं. मे 1942 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथं त्याची पुढची पायरी आली. उत्प्रेरकाची बारीक पूड करायची आणि ती वायूच्या झोतात अशी उसळत ठेवायची की ती पाण्यासारखी वाहू लागते. एका भांड्यात ती तेल फोडते, कोकानं काळी होऊन दुसऱ्या भांड्यात जाते, तिथं कोक जळतो आणि तापलेली, स्वच्छ झालेली पूड पुन्हा पहिल्या भांड्यात येते. हे चक्र दिवसरात्र चालतं. जगातल्या मोठ्या रिफायनऱ्यांमध्ये आजही ही पद्धत चालते आणि रसायन उद्योगानं उभारलेल्या सर्वांत यशस्वी यंत्रांत तिची गणना होते. हे यश पुढे मिसिसिपीत अनेकांना भुरळ घालणार होतं.

व्हॅक्यूम ऑइल विलीनीकरणांतून पुढे मोबिल झाली. मोबिलच्या रॉबर्ट आर्गॉअर आणि जॉर्ज लँडॉल्ट यांनी एक नवा झिओलाइट बनवला. 1972 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. नाव झेडएसएम-5. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक, ज्याच्या आत सारख्या मापाचे बोगदे असतात. झेडएसएम-5 चे बोगदे अर्ध्या नॅनोमीटरहून जरासे रुंद आहेत. बेन्झिन, टोल्युइन, झायलीन हे पेट्रोलमधले रेणू त्यातून जेमतेम बाहेर पडू शकतात, त्याहून मोठे नाही. त्यामुळे आत काय घातलं यापेक्षा बाहेर काय यावं हे या स्फटिकाच्या मापावर ठरू लागलं. मोबिलच्याच क्लॅरन्स चँग आणि अँथनी सिल्वेस्ट्री यांना दिसलं की मिथेनॉल त्यावरून नेलं की थेट पेट्रोल आणि पाणी मिळतं. 1973 च्या तेलसंकटानं या शोधाला किंमत आली. न्यूझीलंडमध्ये मोटुनुई इथं 1985 मध्ये कारखाना उभा राहिला, आणि नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल, मिथेनॉलपासून पेट्रोल असं दिवसाला 14,500 पिंपांच्या आसपास काम करू लागला.

मोबिलच्याच पॉल वाइझ यांनी 1979 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. मक्याचं तेल, एरंडेल, होहोबाचं तेल, रबराचा चीक असे वनस्पतींचे पदार्थ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेडएसएम-5 वरून नेले होते, आणि हाती पेट्रोलच्या जातीचे रेणू आले होते. तेव्हा इराणमध्ये क्रांती झाली होती, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागत होत्या. झाडातून सरळ पेट्रोल, तेही एका टप्प्यात, ही कल्पना किती मोहक वाटली असेल!

इथं थोडं थांबून एक आकडेमोड करायला हवी, कारण माझ्या मते या सगळ्या कथेचं मर्म त्यात आहे. ती मोबिलच्याच एन. वाय. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मांडली. वनस्पतींच्या पदार्थांत ऑक्सिजन असतो, पेट्रोलमध्ये नसतो. म्हणजे ऑक्सिजन काढून टाकायचा. तो एकटा निघत नाही. पाणी होऊन गेला तर प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे दोन अणू घेऊन जातो. कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड होऊन गेला तर कार्बन घेऊन जातो. चेन यांनी विचारलं, सगळा ऑक्सिजन पाणी होऊन गेला तर कार्बनच्या वाट्याला किती हायड्रोजन उरतो? मिथेनॉलमध्ये एक कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पाणी वजा करा, कार्बनमागे दोन हायड्रोजन उरले. उत्तम. वनस्पती तेलाचा हिशेब केला तर कार्बनमागे सुमारे 1.6 उरतात. बेन्झिनला एक लागतो. म्हणून वाइझ यांची तेलं छान वागली. आता ग्लुकोज घ्या. सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. सहा ऑक्सिजन बारा हायड्रोजन घेऊन जातात. उरलं शून्य, नुसता कोळसा. लाकडात सेल्युलोज आहे, म्हणजे साखळीनं जोडलेलं ग्लुकोज, आणि त्याच्याबरोबर लिग्निन आहे, ज्यात ऑक्सिजन जरा कमी. एकूण लाकडाचा आकडा 0.2 च्या आसपास येतो.

चेन यांचा निष्कर्ष असा की हा आकडा एकच्या खाली गेला की झेडएसएम-5 वर कोक इतका चढतो की काम परवडणं कठीण. ग्लुकोजमधून फक्त टोल्युइन, पाणी आणि कार्बन मोनॉक्साइडच निघतील, कोकाचा कणही होणार नाही, असं कागदावर धरलं तरी ग्लुकोजमधल्या कार्बनचा 64 टक्के भागच टोल्युइनमध्ये येतो. वजनानं बोलायचं तर 100 किलोमागे 28 किलो. ही निसर्गानं घातलेली मर्यादा आहे. उत्प्रेरक रेणूंना वाट दाखवतो, वेग देतो, नको त्या वाटा बंद करतो. जो हायड्रोजन मुळात नाही तो आणून देत नाही.

याच काळात कॅनडात दुसऱ्या बाजूनं काम चाललं होतं. ओंटारिओतल्या वॉटर्लू विद्यापीठात डोनाल्ड स्कॉट आणि यान पिस्कोर्झ यांनी लाकडाचा बारीक भुसा हवेशिवाय 500 अंश सेल्सिअसच्या आसपास झटक्यात तापवायचा आणि वाफा दोन सेकंदांच्या आत थंड करायच्या, ही रीत बसवली. आपल्याकडे कोळशाच्या भट्टीत लाकूड दिवसेंदिवस धुमसतं, कोळसा मिळतो आणि धूर वाया जातो. इथं उलट. घाई केली की कोळसा थोडा आणि द्रव पुष्कळ, कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 70 टक्क्यांहूनही जास्त. हे बायो-ऑइल दिसायला काळपट तांबडं, वासाला धुरकट.

द्रव मिळाला, पण इंधन नाही. त्यात 15 ते 30 टक्के पाणी असतं. ऑक्सिजन लाकडाइतकाच. आम्लता इतकी की साधं पोलाद गंजतं. उष्णता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय ते टिकत नाही. ठेवून दिलं की त्यातले रेणू एकमेकांना चिकटत जातात, तेल घट्ट होतं, कधी त्याचे दोन थर पडतात. तापवून शुद्ध करायला जावं तर गाडीत भरण्याजोगं काही वेगळं होण्याऐवजी तळाला डांबर बसतं. म्हणून वाफा थंड होण्याआधीच, त्या गरम असतानाच, त्यांना उत्प्रेरकावरून न्यावं असं अनेकांच्या मनात आलं. कोलोरॅडोतल्या सरकारी प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात त्यावर मेहनत झाली. मग खनिज तेल स्वस्त झालं आणि जवळजवळ वीस वर्षं या विषयाकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

2006 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या भाषणात देशाला तेलाचं व्यसन लागल्याचं बोलून दाखवलं आणि लाकडाचे तुकडे, धाटं, गवत यांपासून इंधन करण्याचं आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी कायदा झाला. वनस्पतींच्या काष्ठभागापासून, म्हणजे सेल्युलोजपासून, बनवलेलं इंधन 2010 मध्ये 10 कोटी गॅलन, 2013 मध्ये 100 कोटी आणि 2022 मध्ये 1600 कोटी गॅलन वापरायचं, असं त्यात लिहिलं होतं. हे आकडे ठरले तेव्हा असं इंधन व्यापारी प्रमाणावर बनवणारा एकही कारखाना देशात नव्हता. जुलै 2008 मध्ये तेल पिंपामागे 147 डॉलरवर गेलं आणि या कायद्याची टिंगल करणाऱ्यांचीही तोंडं बंद झाली.

पॉल ओ'कॉनर हे हॉलंडमधले उत्प्रेरक-रसायनज्ञ. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी रिफायनऱ्यांसाठी उत्प्रेरक बनवण्यात घालवला होता. बॅटन रूजची ती वाहती पूड तेलाऐवजी लाकडावर चालवायची, असा त्यांचा विचार होता, आणि त्यासाठी त्यांनी बायोइकॉन नावाची कंपनी काढली होती. त्यांना भांडवल पुरवलं विनोद खोसला यांनी. खोसलांचा जन्म 1955 चा, पुण्याचा. दिल्लीच्या आयआयटीतून ते अमेरिकेला गेले, 1982 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि पुढे नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणारे म्हणून गाजले. संगणकाच्या जगात जशी दर दोन वर्षांनी क्षमता दुप्पट होते, तसंच इंधनात घडवून दाखवू, ही त्या काळातल्या सिलिकॉन व्हॅलीची श्रद्धा होती. 2007 च्या अखेरीस दोघांच्या भागीदारीतून किओर ही कंपनी जन्मली. मुख्य अधिकारी झाले फ्रेड कॅनन, तेही उत्प्रेरकांच्या धंद्यातले. मुख्यालय टेक्सासमधल्या पासाडेना इथं, ह्यूस्टनच्या तेलशुद्धीच्या पट्ट्यात. तिथं आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र, मग त्याच्या 400 पट मोठं, दिवसाला 10 टन कोरडं लाकूड घेणारं यंत्र उभं राहिलं.

कच्चा माल ठरला दक्षिणेतला पिवळा पाइन. मिसिसिपी राज्यात त्याची मैलोन्‌मैल लागवड आहे. कागदाच्या गिरण्या हे त्याचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्या एकामागून एक थंडावत चालल्या होत्या. ज्यांची जमीन, ज्यांचे ट्रक, ज्यांची करवत या पाइनवर चालत होती, त्यांना लाकडाचं पेट्रोल म्हणजे हक्काची नवी बाजारपेठ वाटली. ऑगस्ट 2010 मध्ये गव्हर्नर हेली बार्बर यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि किओरला साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज मंजूर झालं. बदल्यात कंपनी 50 कोटी डॉलर गुंतवणार होती, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हजार रोजगार देणार होती. अमेरिकेतल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एकानं हे पैसे दिले होते, हे या कथेत विसरता येत नाही.

पहिला कारखाना कोलंबस गावाच्या बंदराजवळ, टॉमबिग्बीच्या जलमार्गालगत. क्षमता दिवसाला 500 टन कोरडं लाकूड, वर्षाला 1 कोटी 30 लाख गॅलन पेट्रोल-डिझेल. पासाडेनाच्या यंत्राच्या 50 पट. खर्च 20 कोटी डॉलरहून अधिक. जून 2011 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, 15 डॉलरला एक शेअर विकून 15 कोटी डॉलर उभे केले. संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस आल्या. माल घ्यायला फेडएक्ससारख्या कंपन्यांनी करार केले. भागधारकांना दिलेल्या कागदपत्रांत म्हटलं होतं की सध्या टनामागे 67 गॅलन इंधन निघतं आणि पुढे 92 निघेल. मोठ्या कारखान्यात अनुदानाशिवाय गॅलनला 1 डॉलर 80 सेंट खर्च येईल.

हे दोन आकडे, 67 आणि 92, चेन यांच्या पट्टीवर ठेवून पाहावेत. अमेरिकन टन 907 किलोचा, गॅलन 3.785 लिटरचा, आणि पेट्रोल-डिझेलची घनता लिटरला साधारण 0.8 किलो. 92 गॅलन म्हणजे सुमारे 279 किलो, लाकडाच्या वजनाच्या 31 टक्के. लाकडात निम्मा कार्बन असतो, इंधनात 87 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लाकडातला निम्म्याहून जास्त कार्बन टाकीत पोचला पाहिजे. 67 गॅलनलाही जवळजवळ 40 टक्के कार्बन लागतो. किओर शेवटच्या टप्प्यात बाहेरून हायड्रोजन देत होतं, त्यामुळे हे अशक्य म्हणता येणार नाही. पण त्या आधी, उसळत्या पुडीच्या भांड्यात, लाकूड स्वतःच्या दरिद्री हायड्रोजनवरच फुटायचं होतं. तिथं कोक चढणार, तो जाळायचा, म्हणजे विकत घेतलेला कार्बन चिमणीतून सोडायचा. तेलाच्या रिफायनरीत मालाच्या वजनाचे पाचेक टक्के कोक होतं आणि त्याची उष्णता नेमकी पुरते. झिओलाइटवर लाकूड घातलं की तो वाटा कित्येक पटींनी वाढतो. जे चक्र बॅटन रूजमध्ये वरदान ठरलं, तेच इथं गळती होऊन बसतं.

शिवाय लाकूड हे तेल नाही. ते पंपानं खेचता येत नाही. चिप्स वाळवायच्या, दळायच्या, गरम भांड्यात सारख्या वेगानं सोडायच्या. एक मळसूत्र अडलं की सगळं थांबतं. लाकडात राख असते आणि राखेत पोटॅशियम, कॅल्शियम. हे धातू उत्प्रेरकावर बसतात आणि त्याची आम्लता मारतात. कोक जाळता येतो, पोटॅशियम जाळता येत नाही. मग जुनी पूड काढून नवी घालत राहावं लागतं, आणि झेडएसएम-5 च्या जातीची पूड स्वस्त नसते. पाइनच्या लाकडात राख एक टक्क्याहूनही कमी. भाताच्या पेंढ्यात ती 15 टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे पेंढा, पाचट, पऱ्हाट्या यांपासून याच पद्धतीनं तेल काढण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही. जो माल किओरला सोसला नाही, तो आपल्या मालापेक्षा कितीतरी सोज्ज्वळ होता.

कोलंबसचं बांधकाम 2012 मध्ये पुरं झालं. वर्षाअखेर पहिलं कच्चं तेल निघालं. मार्च 2013 मध्ये पाइनपासून बनलेलं डिझेल टँकरमधून बाहेर पडलं. सेल्युलोजपासून बनवलेलं आणि थेट गाडीत चालणारं डिझेल व्यापारी कारखान्यातून रवाना होण्याची ही पहिली वेळ असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. हे यश खरं होतं आणि ते मान्य करावं लागेल. पासाडेना आणि कोलंबसच्या अभियंत्यांनी एका घन, ओबडधोबड, ऑक्सिजननं भरलेल्या पदार्थातून शुद्ध हायड्रोकार्बन काढून दाखवलं, आणि तेही प्रयोगशाळेच्या चंबूत नव्हे, ट्रकच्या मापात.

पण कारखाना सलग चालेना. थोडे दिवस चालायचा, बंद पडायचा, दुरुस्ती व्हायची, पुन्हा सुरू. टनामागे अपेक्षेइतकं इंधन निघत नव्हतं, उत्प्रेरक अपेक्षेप्रमाणे वागत नव्हता. ऑगस्ट 2013 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं त्या वर्षाचं सेल्युलोज-इंधनाचं लक्ष्य 60 लाख गॅलन ठरवलं होतं, त्याचा मोठा आधार किओर होतं. किओरनं आपला अंदाज खाली आणल्यावर ते लक्ष्य 8,10,185 गॅलनवर आणावं लागलं. मूळ कायद्यात त्याच वर्षासाठी 100 कोटी लिहिलेले होते. ऑक्टोबर 2013 मध्ये खोसला आणि बिल गेट्स यांच्याकडून आणखी पैसे आले. जानेवारी 2014 मध्ये कारखाना थांबवण्यात आला. 2013 चा तोटा जवळपास 35 कोटी डॉलर निघाला. नोव्हेंबर 2014 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा मिसिसिपी राज्याचे सुमारे 6 कोटी 90 लाख डॉलर फिटायचे होते.

जानेवारी 2015 मध्ये राज्याचे महाधिवक्ते जिम हूड यांनी कंपनीशी संबंधित लोकांवर फसवणुकीचा दावा लावला. सप्टेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकांनी कंपनी आणि कॅनन यांच्याविरुद्ध कारवाई केली. टनामागे 67 गॅलनचा जो दावा गुंतवणूकदारांपुढे ठेवला होता त्याला पुरेसा प्रायोगिक आधार नव्हता, असा ठपका होता. कॅनन यांनी आरोप मान्य किंवा अमान्य न करता एक लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. कोलंबसची यंत्रसामग्री विकली गेली.

तेव्हापासून किओरचं नाव निघालं की फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. गुंतवणूकदारांच्या आणि मिसिसिपीच्या करदात्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते समजू शकतं. मला मात्र या प्रकरणात दुसरीच गोष्ट जास्त टोचते. 1986 चा तो निबंध गुप्त नव्हता. हायड्रोजनचा हिशेब कुणीही रसायनाचा पदवीधर करू शकतो. वर केला तो मी साध्या गुणाकार-भागाकारानं केला आहे. 15 कोटी डॉलरचे शेअर विकले जात असताना, विधिमंडळात कर्ज मंजूर होत असताना, एवढीच दोन ओळींची आकडेमोड फळ्यावर मांडून कुणी विचारलं असतं, की हा हायड्रोजन कुठून येणार आहे आणि कितीला पडणार आहे, तर कारखाना कदाचित लहान झाला असता, उशिरा झाला असता, पण टिकला असता. पासाडेनापासून कोलंबसपर्यंतची 50 पट उडी घाईनं घेतली गेली, आणि घाईचं कारण रसायन नव्हतं, शेअर बाजाराचं आणि कायद्यातल्या तारखांचं वेळापत्रक होतं.

त्या वेळी उत्तरही डोळ्यांसमोर होतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉर्ज ह्यूबर यांच्या प्रयोगशाळेत 2008 पासून झेडएसएम-5 वर सेल्युलोज थेट फोडण्याचं काम चालू होतं. नोव्हेंबर 2010 मध्ये, मिसिसिपीचं कर्ज मंजूर झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, तुषार विसपुते हे पहिलं नाव असलेला त्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी बायो-ऑइल आधी हायड्रोजनच्या दाबाखाली वेगळ्या उत्प्रेरकांवरून नेलं, त्याला हायड्रोजन पाजला आणि मगच झिओलाइटवर सोडलं. कोक घटला आणि उपयोगी रेणू नुसत्या बायो-ऑइलच्या मानानं कितीतरी जास्त मिळाले. चेन यांचा आकडा वर उचलायचा असेल तर आधी हायड्रोजन घाला, एवढी सरळ गोष्ट. हायड्रोजन महाग असतो, पण किती घातला की किती फायदा होतो हे आता मोजून ठरवता येत होतं.

शिकागोजवळच्या गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये टेरी मार्कर आणि त्यांचे सहकारी याहून पुढे गेले. लाकूड तापवायचंच हायड्रोजनच्या वातावरणात, उत्प्रेरकासकट, मध्यम दाबाखाली. रेणू फुटतो त्याच क्षणी त्याला हायड्रोजन मिळतो. चिकट डांबर व्हायला वेळच उरत नाही. आणि हायड्रोजन विकत आणायचा नाही. या प्रक्रियेत मिथेन, इथेन, प्रोपेन असे हलके वायू सुटतात, त्यांच्यापासून वाफेच्या साहाय्यानं हायड्रोजन तिथल्या तिथं तयार करायचा. म्हणजे लाकडातला काही भाग बाकीच्या भागासाठी खर्ची घालायचा. ही पद्धत शेल कंपनीच्या एका उपकंपनीनं घेतली आणि तिचं दिवसाला 5 टन क्षमतेचं प्रात्यक्षिक यंत्र बंगळुरूच्या शेल टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये 2017 च्या सुमारास उभारलं. कोलंबसच्या मानानं शंभरावा हिस्सा. त्यावरचे आकडे कुणाला चकित करणारे नाहीत: 100 किलो कोरड्या, राखविरहित लाकडामागे सुमारे 26 ते 28 किलो पेट्रोल-डिझेलच्या जातीचं द्रव, ऑक्सिजन एक टक्क्याहून कमी, आणि हायड्रोजनच्या बाबतीत यंत्र स्वयंपूर्ण.